होलिडे गेला, पोर्झिंगिस गेला, मग सेल्टिक्सने कमावलं काय?

डिचोलीच्या एका कॉलेज खेळाडूने विचारलंय: "सर, 2024 ला एनबीए जिंकलेल्या बॉस्टन सेल्टिक्सने 2025 च्या उन्हाळ्यात ड्रू होलिडे, पोर्झिंगिस, अल हॉरफर्ड आणि कॉर्नेट, सगळेच घालवले. बदल्यात नाव घ्यावा असा एकटा सायमन्स आला. तिकडचे पत्रकार दुसऱ्याच दिवशी प्रत्येक संघाला ए, बी, सी देऊन मोकळे होतात. ही श्रेणी ठरवतात कशावरून? आणि तुम्ही बॉस्टनला काय द्याल?"

बॉस्टनला मी बी देईन. का, ते सांगायला जरा वेळ लागेल, कारण ज्या यादीवरून तू प्रश्न विचारलायस ती "कोण आला, कोण गेला" यादी मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघायचं ते हे, की त्या उन्हाळ्यात संघाला काय करायची मुभा होती. मुभाच नसेल तर "त्याला का सोडला" आणि "अमक्याला का नाही घेतला" या दोन्ही प्रश्नांना अर्थ उरत नाही.

आपल्याकडे हे पटकन लक्षात येत नाही, कारण आपण गोंयकार फुटबॉलवर वाढलोय. फुटबॉलमध्ये खेळाडू हवा असेल तर दुसऱ्या क्लबला पैसे मोजायचे आणि आणायचा. एनबीएत तशी बदलीची रक्कम नसते. तिथे करार देऊन करार घ्यायचा असतो, आणि श्रीमंत संघांना तर पगारांचा मेळही घालावा लागतो. मालक कितीही गब्बर असो, नियम आडवा आला की त्याचे पैसे निरुपयोगी. 2025-26 च्या हंगामासाठी पगारमर्यादा होती 15.46 कोटी डॉलर. ती ओलांडता येते, स्वतःचे खेळाडू राखायला तर सगळेच ओलांडतात. 18.79 कोटींच्या पुढे मात्र चैनकर (लक्झरी टॅक्स) लागतो. त्यावर निर्बंधांच्या दोन रेषा, त्यांना एप्रन म्हणतात: 19.59 कोटींना पहिला एप्रन आणि 20.78 कोटींना दुसरा. खरी गोम या दुसऱ्या एप्रनमध्ये आहे.

दुसऱ्या एप्रनच्या वर गेलेल्या संघाला दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही. दिला त्यापेक्षा एक डॉलरही जास्त पगार परत घेता येत नाही. व्यवहारात रोख रक्कम घालता येत नाही. मधल्या फळीतला खेळाडू आणायला इतरांना जी सवलत असते ती याला नाही, म्हणजे बाहेरून आणायचे ते किमान पगारावरचे. वर सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवा खेळाडू निवडायचा हक्क, गोठतो, तो कुणाला देता येत नाही. पुढच्या चार वर्षांत आणखी दोनदा संघ त्या रेषेवर राहिला, तर तो पिक पहिल्या फेरीच्या तळाला ढकलला जातो. हे नियम 1 जुलै 2023 पासूनच्या करारातले आहेत, आणि ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. हा टप्प्यांचा भाग लक्षात ठेव, कारण बॉस्टनची सगळी कथा त्यात आहे.

आता 2023 चा उन्हाळा आठव. बॉस्टनचे व्यवहार बघणारे ब्रॅड स्टीव्हन्स यांनी मार्कस स्मार्टला मेम्फिसला धाडलं आणि त्या तीन संघांच्या व्यवहारातून पोर्झिंगिस आणला. स्मार्ट म्हणजे बॉस्टनचा जीव, वर्षभरापूर्वीचा सर्वोत्तम बचावपटू. लोक भडकले. मग 1 ऑक्टोबरला, सराव शिबिरं उघडायच्या वेळी, पोर्टलंडकडून होलिडे. त्यासाठी दिले ब्रॉगडन, रॉबर्ट विल्यम्स आणि पहिल्या फेरीचे दोन पिक. 64 विजय, अंतिम फेरीत डॅलसवर 4-1, आणि अठरावं विजेतेपद. आज मागे वळून सगळेच ए प्लस देतात.

पण त्या होलिडेच्या व्यवहाराकडे नीट बघ. ब्रॉगडन आणि विल्यम्स या दोघांचे पगार एकत्र करून एक होलिडे घेतला, आणि होलिडेचा पगार त्या दोघांच्या बेरजेहूनही जास्त होता. आज दुसऱ्या एप्रनवरच्या संघाला ही अदलाबदल करताच येणार नाही, एकदा नव्हे, दोनदा अडेल. 2023 ला या नियमाचे सगळे दात उगवले नव्हते. स्टीव्हन्स यांनी दार बंद व्हायच्या आत सामान आत घेतलं. माझ्या लेखी त्या उन्हाळ्याची हुशारी यात होती. पोर्झिंगिस चांगला आणि होलिडे चांगला हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

आता 2025. मे महिन्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर न्यूयॉर्क निक्सविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेच्या चौथ्या सामन्यात बॉस्टनचा हुकमी खेळाडू जेसन टेटमच्या टाचेचा स्नायुबंध तुटला. असा खेळाडू बहुधा पूर्ण हंगाम किंवा त्याचा मोठा भाग बाहेर. संघ दुसऱ्या एप्रनच्या वर 2 कोटी डॉलरहून अधिक, आणि आहे तसा ठेवला तर पगार आणि कर मिळून बिल 50 कोटी डॉलरच्या घरात. 2032 चा पिक गोठलेलाच. अशा अवस्थेत जिंकण्याची आशा कमी असलेल्या वर्षासाठी जगातला सर्वांत महाग संघ बाळगायचा आणि वर हातही बांधून घ्यायचे? कुणीही सूज्ञ माणूस ते करणार नाही.

मग झालं ते असं. होलिडे पोर्टलंडला, बदल्यात अँफर्नी सायमन्स. पहिल्या बातमीत बॉस्टनला दुसऱ्या फेरीचे दोन पिकही मिळणार होते, अंतिम व्यवहारात ते राहिले नाहीत. (एनबीएत 6 जुलैपर्यंत बहुतेक करार अधिकृत होत नाहीत, आणि वैद्यकीय तपासणी त्यानंतरही असते. म्हणून 1 जुलैच्या पहाटे साडेतीनला, आपल्याकडे पाऊस कोसळत असताना, मोबाइलवर जे येतं त्यावर श्रेणी देऊ नये.) पोर्झिंगिस अटलांटाला, तिथून जॉर्ज नियांग, आणि नियांग ऑगस्टमध्ये पुढे युटाला. कॉर्नेट सॅन अँटोनिओला, हॉरफर्ड शेवटी गोल्डन स्टेटला.

होलिडे आणि सायमन्स यांची तुलना खेळाडू म्हणून केलीस तर होलिडे सरस, वाद नाही. करार म्हणून कर. होलिडेचे तीन वर्षांचे 10.4 कोटी डॉलर बाकी होते, आणि करार संपेल तेव्हा तो 38 चा. सायमन्सचे 2.77 कोटी, एकाच वर्षाचे. एक करार तुला तीन उन्हाळे अडवतो, दुसरा पुढच्या जूनमध्ये आपोआप गळून पडतो, किंवा त्याआधी फेब्रुवारीत कुणाला तरी हवासा वाटतो. टेटम परत येईल तेव्हा संघापाशी काय असेल, हा स्टीव्हन्स यांचा हिशोब होता. त्या हिशोबात ही अदलाबदल चोख आहे.

याच मुभेचं आणखी एक उदाहरण, कारण लोक ते हमखास चुकीचं वाचतात. 2024 ला आयझाया हार्टेनस्टाइन निक्स सोडून ओक्लाहोमा सिटीला गेला. "निक्सने चांगला सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) हातचा घालवला" अशी ओरड झाली. निक्सने त्याला 2022 मध्ये दोन वर्षांच्या करारावर घेतलं होतं. स्वतःच्या खेळाडूला मर्यादेबाहेर जाऊन हवा तो पगार द्यायचा पूर्ण हक्क तीन हंगामांनंतर मिळतो. दोन हंगामांनंतर अर्धवट हक्क. त्या अर्धवट हक्काने निक्स जास्तीत जास्त देऊ शकत होते चार वर्षांचे सुमारे 7.25 कोटी. ओक्लाहोमाकडे पगारमर्यादेखाली मोकळी जागा होती, त्यांनी तीन वर्षांचे 8.7 कोटी ठेवले. वर्षाला 1.8 कोटी की 2.9 कोटी? निक्सला कितीही वाटलं तरी त्यांचा हात तिथवर पोचतच नव्हता. उन्हाळा 2024 चा होता, पण त्याचा निकाल 2022 सालच्या करारातच लागला होता.

दुसरी पायरी, आणि मला सर्वांत आवडणारी: मिनिटांचा हिशोब. एका सामन्यात 48 मिनिटं, मैदानावर पाच जण, म्हणजे 240 मिनिटं वाटायची. मी कोरा कागद घेतो, पाच रकाने पाडतो, गेलेल्यांची मिनिटं खोडतो आणि ती कुणाला द्यायची ते लिहीत जातो. आमच्या क्लबातही दर पावसाळ्यात हेच करतो. उघडी सिमेंटची कोर्टं शेवाळलेली, सराव बंद, आणि त्याच वेळी बारावी झालेली मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला निघतात. चांगला गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा, गेला म्हणून सगळे रडतात. कागदावर मांडलं की कळतं, गार्ड तर अजून तीन आहेत, आपली खरी अडचण तो उंच, अबोल पोरगा आहे जो सामन्यात चारच गुण करायचा पण पंचवीस मिनिटं रिंगखाली उभा असायचा.

बॉस्टनचा कागद असा भरतो. 2024-25 मध्ये, खेळले त्या सामन्यांत, टेटम साधारण 36 मिनिटं, होलिडे 31, पोर्झिंगिस 29, हॉरफर्ड 28, कॉर्नेट 19. बेरीज 143. सगळे सगळ्या सामन्यांत नव्हते, पोर्झिंगिस तर 42 च सामने खेळला, त्यामुळे प्रत्यक्षातली पोकळी याहून लहान. तरीही निम्मा संघ गेला म्हण. आता 2025-26 च्या सुरुवातीचा संघ डोळ्यांसमोर ठेवून भर. होलिडेची मिनिटं सोपी आहेत: सायमन्स आहे, आणि पेटन प्रिचर्ड आहे, ज्याने 2025 ला सर्वोत्तम राखीव खेळाडूचा मान मिळवला. बचावात घसरण होणार, सायमन्सला स्क्रीनमध्ये, म्हणजे वाटेत उभ्या केलेल्या माणसात, अडकवून प्रतिस्पर्धी रोज त्याच्यावर हल्ला करणार, पण शॉट मारायला माणूस आहे. टेटमच्या मिनिटांत चेंडू जेलेन ब्राउनकडे जाणार, तेही ठरलेलं.

अडतं कुठे? शेवटच्या रकान्यात. पोर्झिंगिस, हॉरफर्ड, कॉर्नेट तिघेही सेंटर. एकाच उन्हाळ्यात तिन्ही गेले. उरला नेमियास केटा, ज्याला आदल्या हंगामात 14 मिनिटांच्या आसपास मिळत होती. (लिस्बनच्या बाजूचा हा पोरगा एनबीएत खेळलेला पहिला पोर्तुगीज. हे सांगितल्यावर आमच्या मडगावच्या एका वयस्क पंचांनी, ज्यांना बास्केटबॉलपेक्षा पोर्तुगालचं कौतुक जास्त, एकदम सेल्टिक्सची बाजू घेतली.) सोबतीला ल्यूका गार्झा आणि क्रिस बूशे, दोघेही स्वस्तातले. आता लक्षात घे, बॉस्टनची आक्रमणाची सगळी रचना पाचही जण बाहेरून शॉट मारतात यावर उभी होती. 2024-25 मध्ये त्यांचे 1,457 तीन गुणी शॉट रिंगमध्ये गेले, तो तेव्हा एनबीएचा विक्रम ठरला. हॉरफर्ड आणि पोर्झिंगिस रेषेबाहेर उभे राहिले की समोरच्या सेंटरला रिंग सोडून बाहेर यावं लागे आणि ब्राउनला आत रस्ता मोकळा मिळे. केटा स्क्रीन लावून रिंगकडे धावणारा सेंटर. तो चांगलाच आहे, पण त्याच्यासाठी मोकळी जागा इतरांनी तयार करायची. म्हणजे इथे माणूस बदलला इतकंच नव्हे, बाकी चौघांचं कामही बदललं.

म्हणून मला खटकलं ते कॉर्नेटचं जाणं. होलिडे, पोर्झिंगिस यांचं समजू शकतो. कॉर्नेटला सॅन अँटोनिओने दिले चार वर्षांचे सुमारे 4.1 कोटी, वर्षाला 1 कोटीच्या आसपास. बॉस्टनला तोच पगार करासकट कितीतरी पट पडला असता, हे मान्य. पण तीन सेंटरपैकी एक राखायचा, तर राखण्याजोगा तोच होता: पोर्झिंगिसपेक्षा स्वस्त, संघाची भाषा जाणणारा, आणि हॉरफर्डसारखा 39 चा नव्हे.

हा "बाकी चौघांचं काम" मुद्दा पटत नसेल तर आपल्याच एफसी गोवाचा आयएसएल फुटबॉलमधला 2020 चा हंगाम आठव. गोल करणारा कोरो गेला. त्याच्या जागी इगोर अंगुलो आला आणि त्याने 14 गोल करून गोल्डन बूट घेतला. नावासमोर नाव ठेवलं तर फिट्टंफाट. पण त्याच उन्हाळ्यात बुमूस, जाहू, फॉल आणि आपला मंदार राव देसाई असे चौघे मुंबई सिटीला गेले, जिथे प्रशिक्षक होते आपले आधीचे लोबेरा. बचाव, मधली फळी आणि त्यांना एकत्र वापरणारा माणूस, अख्खा कणा उचलून नेला. गोवा उपांत्य फेरीत पोचला खरा, पण पेनल्टीवर हरला तो त्याच मुंबईकडून, आणि त्या हंगामात शील्ड आणि करंडक दोन्ही मुंबईने नेलं. फातोर्ड्याच्या गॅलरीत बसणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मग बॉस्टनकडे बघताना आपण परत नावंच का मोजतो?

नावं मोजण्याचा उलटा परिणाम बघायचा तर फिनिक्स. जून 2023 मध्ये त्यांनी ब्रॅडली बील आणला. ड्युरंट, बुकर, बील, तीन नावं, आणि टीव्हीवर विजेतेपदाच्या गप्पा. त्या हंगामात या तिघांचेच पगार 13 कोटींच्या आसपास, आणि पगारमर्यादा होती 13.6 कोटी. उरलेल्या बऱ्याच जागा किमान पगारावर भरल्या. त्यात बीलच्या करारात कलम होतं की त्याच्या संमतीशिवाय त्याला कुठेही पाठवता येणार नाही. हे कलम त्याच्याबरोबर वॉशिंग्टनहून आलं. गावच्या जत्रेच्या नाटकाला तीन नायक ठरवावेत आणि पडदा ओढायला कुणी नसावा, तशी गत. 2024 ला पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून 0-4, पुढल्या हंगामात 36 विजय आणि 46 पराभव, प्लेऑफही नाही. 2025 च्या जुलैत ड्युरंट ह्यूस्टनला दिला, आणि बीलला करारातून मोकळं करून त्याचे उरलेले पैसे पाच वर्षांवर पसरले. दरवर्षी सुमारे 1.94 कोटी डॉलर, 2030 पर्यंत, जो माणूस त्यांच्याकडे खेळतच नाही त्याच्यापोटी. बील घेतला त्या दिवशी फिनिक्सला ए देणारे पुष्कळ होते. कराराचं ते कलम त्या दिवशीही वाचता येत होतं.

जुलैमध्येच ओळखता येईल असा चांगला व्यवहार कसा दिसतो? ओक्लाहोमा सिटी, जून 2024. शिकागोला जॉश गिडी द्यायचा, तिथून अ‍ॅलेक्स करूसो घ्यायचा, सरळ एकास एक. गिडी एकविशीतला, ड्राफ्टमध्ये सहावा निवडलेला, उंच, पास देण्यात तरबेज. करूसो तिशीतला, ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेला. नावांच्या बाजारात ओक्लाहोमाने नुकसान केलं. पण आदल्याच महिन्यात डॅलसविरुद्धच्या मालिकेत काय झालं होतं ते आठव. डॅलसने गिडीला बाहेर मोकळा सोडला आणि त्याचा माणूस आत ओक्लाहोमाच्या हुकमी शे गिल्जस-अलेक्झांडरच्या वाटेत उभा केला. शेवटी गिडीला बेंचवर बसवावं लागलं. करूसोने त्या हंगामात तीन गुणी शॉट 41 टक्क्यांच्या आसपास टाकले होते, आणि गार्डांच्या बचावात त्याच्या तोडीचे हातावर मोजण्याइतके. दुखणं नेमकं कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि औषध त्याच जागी लावलं. 68 विजय आणि 2025 चं विजेतेपद.

आणि गंमत म्हणजे शिकागोचंही वाईट झालं नाही. गिडीला तिथे चेंडू हातात मिळाला, तो बहरला, आणि सप्टेंबर 2025 मध्ये, आपल्याकडे चवथ उरकल्यावर, चार वर्षांचा 10 कोटींचा करार त्याने घेतला. ए आणि एफ अशा जोडीने श्रेण्या देणाऱ्यांना हे कधी सुचत नाही, की एकाच व्यवहारात दोन्ही संघांची गरज भागू शकते.

जाता जाता समर लीगबद्दल, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या उन्हाळी स्पर्धेबद्दल. लास व्हेगसमध्ये जुलैत कुणी तीस गुण काढले म्हणून मी माझ्या कागदावर एक मिनिटही हलवत नाही. तिथे समोर उभे असतात त्यातल्या बहुतेकांना ऑक्टोबरमध्ये करारच नसतो.

तर बॉस्टन. मुभेच्या बाजूने बघता कामगिरी उत्तम: टेटमविना जाणाऱ्या वर्षात लांब करार काढून टाकले, एका वर्षाचा मोठा करार हाती ठेवला, दुसऱ्या एप्रनखाली आले. 2032 चा पिक सुटायचा असेल तर चारपैकी तीन वर्षं खाली राहावं लागतं, त्याची सुरुवात झाली. मिनिटांच्या बाजूने शेवटचा रकाना कच्चा. 2025-26 च्या सुरुवातीचा त्यांचा एखादा सामना लावशील तेव्हा गुणफलक सोड, पहिल्या क्वार्टरमध्ये केटाला दोन फाउल कधी होतात तेवढं बघ. दुसरा फाउल झाला की प्रशिक्षक बेंचकडे बघतात तेव्हा तिथे हॉरफर्डही नाही आणि कॉर्नेटही नाही. माझ्या ए चा बी झाला तो तिथे.